झाकण ठेवलेलं दूध

आई, काल माझा हात वर गेला. चार वर्षांचा आहे गं माझा पोरगा. रागाच्या भरात त्याने कपबशी आपटली आणि मी काही बोलायच्या आत हात उचललेला होता, थेट बाबांसारखा. तेव्हा मला जी भीती वाटली ना, ती तुलाच सांगण्यासारखी आहे, दुसऱ्या कुणाला नाही.

दुष्काळाच्या वर्षी आपण गंगापूर रोडच्या त्या एका खोलीत राहायचो. बाबांचं काम सुटलं होतं. ते पिऊन यायचे, तुला मारायचे, आणि ते बाहेर पडले की मी घर डोक्यावर घ्यायचे. हाताला येईल ते फेकायचे, तुला चावायचेसुद्धा. शेजारच्या मावशी म्हणायच्या, "बापावर गेलीय, दोन लगाव हिला." तू कधी लगावल्या नाहीस. शेगडीवर पातेलं चढवायचीस, वर झाकण ठेवायचीस आणि म्हणायचीस, "दूध ठेवलंय. उघडायचं नाय. झाकण वाजलं की मला सांग." सांगायचं कुणाला, तर तू शेजारीच बसलेली, गुडघ्याला गुडघा लावून. मी हुंदके देत, कान लावून बसलेली. झाकण वाजू लागेपर्यंत हुंदके थांबलेले असायचे. मग तू माझ्याकडे पाठ करून "नासलं मेलं" म्हणायचीस आणि जरा वेळाने गुळाचा कोरा चहा माझ्या हातात द्यायचीस. दर वेळी बरं नासायचं तुझं दूध. लबाड होतीस तू.

काल मी तो हात कसाबसा खाली आणला आणि पातेलं घेतलं. घरात दूध होतं, तरी पाणीच ठेवलं, वर झाकण, आणि त्याला तुझंच वाक्य सांगितलं, "दूध ठेवलंय. झाकण वाजलं की मला सांग." पोरगा फुरफुरत म्हणाला, "आई, दुधावर कुणी झाकण ठेवतं का?" मी म्हटलं, "तू ऐक तरी." आधी लांब बसला, मग सरकत सरकत आला आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. त्याच हाताने.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकू तरी कुठल्या पत्त्यावर? राहू दे उशाखाली. एवढंच सांगायचं होतं, त्या पातेल्यात पाणी असतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. विचारलं असतं तर तू माझ्या शेजारून उठून कामाला लागली असतीस, म्हणून नाही विचारलं.