पायरीवरची अनोळखी बाई

दादा,

बक्षीस मिळालेला तुझा फोटो वर्तमानपत्रात पाहिला. कॅमेरा पोटाशी धरून, समोरच्याला पत्ता लागू न देता फोटो काढायची तुझी जुनी खोड कामी आली म्हणायची. खाली छापलंय, 'इस्पितळाच्या पायरीवर रडणारी अनोळखी बाई'.

ती आई आहे. उपचारांसाठी तुझ्याच शहरात आणली होती तिला. औषधांनी केस गेलेत, निम्मी झालीय. अकरा वर्षं इकडे फिरकला नाहीस, ओळखणार कसा?

शेजारीण फोटो दाखवायला आली, तेव्हा आईनं डोक्यावरून शाल ओढून घेतली. वर तुझीच बाजू घेतली. म्हणाली, "त्यानं नुसतं 'काढू का?' विचारलं असतं, तर मी 'नको' म्हणाले असते. माझं 'नको' लहानपणी दिवसातून दहादा ऐकलंय त्यानं. आवाजावरून तरी ओळखलं असतं."

हे पत्र मी टाकणार नाही. तू तेही फ्रेम करून भिंतीवर लावशील.

ओळख पटलीच तर तुझी,
धाकटी