दोन बोटांएवढं तोंड

नांदेड,
१९ जानेवारी २०२५

चि. आनंदराज,
जयभीम.

मी, तुझी थोरली बहीण, बोलायला लागले की तू फोन मधेच तोडतोस, म्हणून लिहायला बसले. आम्ही ठीक आहोत. थंडी बरीच आहे. तुझी बायको महामाया इथंच आहे, तिच्याबद्दल पुढं लिहिते.

बाबांची जखम भरून येऊन राहिली. कॅन्सरपायी डावा जबडा काढल्यापासून पोटात जातं ते नळीनंच. पट्टी बदलताना येणारा वास साबणानंही हातावरून जात नाही. तू आलास तेव्हा दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिलास. आणि आणलंस काय, तर देवणीहून डबाभर चिवडा! ज्याला चावायला जबडा नाही त्याला चिवडा. बाबांनी तो उशाशी ठेवून घेतला, लेकानं आणला म्हणून.

त्या दिवशी तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस, "असं एकदम कसं झालं?" आणि त्या सांगत असताना फोन कानाला लावून बाहेर गेलास. उरलेलं ऐक. एकदम काही होत नाही. गालाच्या आतल्या पेशी रोज झिजतात, नव्या तयार होतात आणि पुरेशा झाल्या की थांबतात. तंबाखू-सुपारीचं विष त्यांचं हे थांबणंच बिघडवतं. शरीर दुरुस्ती करत राहतं, पण दिवसभर गालात पुडी असल्यावर दुरुस्तीला सवड कुठली? मग बिघडलेल्यांतली एखादी थांबतच नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत शेजारच्यांची जागा बळकावत जाते.

ऐकताना मला तुझं देवणीचं घर दिसत होतं. सीमेपलीकडून आलेली गुटख्याची पोती, पलंगाखाली, कोठीमागं. इकडं महाराष्ट्रात बंदी आहे म्हणून तुला भाव जास्त. बाबांना त्यातलंच फुकट. तू मात्र सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाहीस. विहारात नशा न करण्याचं पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं तूच म्हणतोस. किळस येते रे तुझ्या त्या पांढऱ्या स्वच्छ दातांची.

आता महामाया. बाबांचं करायला आली, तेव्हापासून बघत होते. वरणात जरा तिखट पडलं की तिच्या डोळ्यांतून पाणी. पंधरा दिवसांपूर्वी म्हटलं, "आ कर बघू." माझी दोन बोटं कशीबशी आत गेली. मावायला हवं ते तिसरं जाईना.

"कधीपासून गं?"

"लई दिस झाले, ताई. पुड्यांच्या माळा लावता लावता एखादी टाकायची तोंडात."

"आनंदराजला ठाऊक हाय?"

"त्यांनीच दिली की पहिली. म्हणले, खा, भूक लागत न्हाई, हात चालतो."

आनंदराज, बायकोची भाकरी वाचवलीस तू.

गालातला पांढरा चट्टा दाखवला, तुकडा तपासायला दिला. चार दिवसांपूर्वी कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्यात. पुडी, सुपारी आजपासून कायमची बंद, आणि तपासणी चुकवायची नाही. मग बहुतेक इथंच रोखता येईल. आखडलेला गाल मात्र पहिल्यासारखा होणार नाही."

तिनं पुडी सोडलीय. भांडी आपटते, माझ्यावर खेकसते. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम करते, रडत रडत करते.

"त्या घरात न्हाई जायचं मला," असं तीच म्हणाली. मी शिकवलेलं नाही. तू न्यायला येऊ नकोस, आलास तर दार मी उघडणार नाही. पोलिसांकडं जायला निघाले होते. चप्पल घातल्यावर तिनं हात धरला. उद्या परवा तिचा हात सुटला तर मी थांबणार नाही, एवढं समजून मालाचं काय करायचं ते कर.

आता फक्त महामायाची थोरली बहीण,
बुद्धप्रिया