मंडक्की आणि अवलक्की

सरस्वतीपुरम, म्हैसूर
६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. तुंगा हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळून महिना झाला. उत्तर लांबलं याचं कारण ऐकलंस तर हसशील. माझ्या मांडीवर सध्या दोन शेळ्या बसतात, लिहायला जागाच राहत नाही.

आमची काव्या तीन रविवारांपूर्वी बंगळुरूहून आली, ती गाडीत मागच्या सीटवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. आत तीन आठवड्यांची दोन करडं. ही जातच बुटकी, पिग्मी म्हणतात. पुरती वाढली तरी आपल्या गुडघ्याएवढी. हिने हौसेने घेतली आणि मग फ्लॅटच्या सोसायटीने नको म्हटलं. अप्पा, पंधरा दिवस सांभाळा, म्हणाली. मी काही म्हणायच्या आत त्यांना अंगणात सोडून बाटली कशी धरायची ते दाखवायला लागली. पंधरा दिवस उलटले. तिने विषय काढला नाही, मीही काढला नाही.

पांढरी मादी आहे, तिचं नाव मंडक्की. तुम्ही सांगलीत चुरमुरे म्हणता ना, तशी हलकी आणि जागच्या जागी उडणारी. तपकिरी बोकडाचं नाव अवलक्की, म्हणजे पोहे. दिवसातून चारदा कोमट दूध, लहान मुलांच्या बाटलीने. बाटली दिसली की दोघांच्या शेपट्या अशा हलतात की मागचा सगळा भाग हलतो. दूध संपलं की ढुशी मारतात. आपले पणजोबा म्हैसूरच्या रिसाल्यात घोडे सांभाळत, आणि मी बघ.

भागीरथी गेल्यापासून दीड वर्षात पहाटे उठायला मला काही कारण नव्हतं. आता सहाला उठतो.

श्रीहरीरावांची तब्येत कशी आहे? बोलण्यात काही फरक? फोन करू नकोस. कानातलं मशीन शिट्टी वाजवतं आणि मी सुम्ने, उगाचच, हो हो म्हणत राहतो. पत्रच लिही.

तुझा,
अण्णा


सांगली
१९ ऑगस्ट २०२४

ती. गणपतअण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा मोठ्याने, यांच्यासाठी. झटक्याला आता आठ महिने झाले. उजवी बाजू थोडी हलते, पण तोंडून शब्द नाही. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टर म्हणतात, बोलत राहा. मी एकटी किती बोलणार? भाजीचे भाव आणि औषधांची नावं संपली की तुमचं पत्र काढते.

शेजारणीचं मांजर ओट्यावर आलं तरी तुम्ही काठी घेऊन धावायचात, हे वहिनी मला लिहायच्या. तेच तुम्ही आता शेळीला बाटली धरता. फोटो पाठवा, नाहीतर मी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या अंगणात सकाळी ऊन कुठवर येतं ते मला अजून आठवतं. यायला नऊ वर्षं झाली. पाहिजे तेव्हा निघता येत होतं तेव्हा निघाले नाही, आता यांना सोडून एक दिवसही हलता येत नाही. आई मला मोठी झाल्यावरही मरी म्हणायची. कन्नडात पिलालाही मरी आणि लेकरालाही मरी, हे इथे कुणाला समजावून सांगू? त्रेचाळीस वर्षं झाली, मला त्या नावाने हाक मारणारं इथे कुणी नाही. तुमच्या करडांना तरी त्या नावाने हाक मारत जा.

खाण्यापिण्याचं सविस्तर लिहा. मायेने लिहिताच, त्यासोबत चार ओळी जास्त पाठवा.

तुमची,
तुंगा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
१० सप्टेंबर २०२४

चि. सौ. तुंगा हिस अ. उ. आ.

फोटो सोबत आहे. मी वाकून चपला घालतोय आणि माझ्या पाठीवर मंडक्की उभी आहे. हे रोजचं. कुठेही उंचवटा दिसला की तिला त्यावर चढायचं असतं, मग ती पायरी असो, स्कूटरची सीट असो की मी. अवलक्की सावध. ती काय करते ते आधी बघतो आणि मग खालीच उभा राहून ओरडतो.

आता दूध दोनदाच. बाकी वाळलेलं गवत, फणसाची पानं, मूठभर भरडा. जनावरांच्या डॉक्टर सहना म्हणून आहेत, त्या दर महिन्याला येऊन बघतात. त्या म्हणाल्या की ही जनावरं एकटी राहू शकत नाहीत, निदान दोघं तरी लागतातच. दुपारी दोघं एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपतात. मी खुर्ची तिकडेच ओढतो.

संध्याकाळी दोघांना दोरी बांधून कोपऱ्यापर्यंत नेतो. पूर्वी ज्यांनी मान हलवून नमस्कारही केला नाही, ती माणसं आता थांबून बोलतात. काय म्हणतात ते मला निम्मं ऐकू येत नाही, पण हसतात ते दिसतं.

श्रीहरीरावांना सांग, अवलक्कीच्या हनुवटीखाली दाढी फुटायला लागली आहे.

तुझा,
अण्णा


सांगली
२४ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

काल जे झालं ते आधी लिहिते.

दुपारी तुमचं पत्र यांना वाचून दाखवत होते. मंडक्की पाठीवर चढते इथवर आले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. मागून आवाज आला, ‘मग?’ मला वाटलं, रस्त्यावरचं कुणी बोललं. वळून पाहिलं तर हे माझ्याकडे बघत होते. पुन्हा म्हणाले, ‘मग?’ नऊ महिन्यांतला पहिला शब्द, अण्णा. गॅस तसाच ठेवून मी खाली बसले आणि पत्र शेवटपर्यंत वाचलं. भात करपला.

फोटो उशाशी ठेवला आहे. डाव्या हाताने उचलून बघतात. म्हणून पत्रं थांबवू नका. कितीही लहान लिहिलं तरी चालेल.

तुमची,
तुंगा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. तुंगा हिस अ. आ.

पाकिटात दोन कागद आहेत. निळा कागद श्रीहरीरावांना वाच. त्यात दोघं मजेत आहेत. हा पांढरा फक्त तुझ्यासाठी.

मंडक्की गेली. चूक माझी. दसरा झाल्यावर मी कुंपणाची कण्हेर छाटली. फांद्यांचा ढीग अंगणात तसाच टाकून कॉफी करायला आत गेलो. कण्हेर जनावराला विष असते हे मला डॉक्टर सहनांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा मिनिटांत बाहेर आलो तर ती ढिगावर चढून उभी होती, तोंडात पान. अवलक्की नेहमीसारखा खाली. डॉक्टर अर्ध्या तासात आल्या, सगळं केलं. संध्याकाळी ती माझ्या मांडीवर गेली.

अवलक्की तेव्हापासून ओरडतोय. खात नाही. फाटकापाशी जातो, मग मागच्या अंगणात, मग पुन्हा फाटकापाशी. मी मशीन काढून ठेवतो, तरी त्याचं तोंड उघडताना दिसतं. मी शेजारी बसतो तेवढा वेळ गप्प असतो. मग मी बसूनच राहतो.

श्रीहरीरावांचा शब्द या करडांनी आणला. तो माझ्यामुळे परत जायला नको. म्हणून निळा कागद.

अण्णा


सांगली
३ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

निळा कागद वाचायला घेतला. चार ओळींच्या पुढे माझ्याने जाववेना. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांची तोंडं वाचली, माझं काय अवघड? म्हणाले, ‘खरं.’ तो प्रश्न नव्हता. मग मी पांढरा कागद वाचला, सगळा.

हे खूप वेळ रडले. झटक्यानंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग डावा हात पत्रावर ठेवून म्हणाले, ‘एकटं नको.’ मला वाटलं, मी खोलीतून जाऊ नये असं म्हणतात. पण पत्रावर बोट आपटून त्यांनी ते तीनदा म्हटलं. अवलक्कीबद्दल आहे, कळलं. अण्णा, त्यांचा शब्द गेला नाही. उलट एकाचे दोन झाले.

कण्हेरीचं मनाला लावून घ्या असंही म्हणणार नाही आणि घेऊ नका असंही. तुम्ही घेणारच.

आज भाऊबीज. इमारतीतल्या सगळ्यांचे भाऊ येऊन गेले. तुम्ही एकदाच आलात, आमच्या विश्वेशच्या बारशाला, आणि तो आता कॅनडात दोन मुलांचा बाप आहे. आधी नोकरी होती, मग वहिनींचं आजारपण. ती कारणं खरी होती, मी कधी रुसले नाही. पण आता कोणतं सांगाल? बोकड?

हे रागाने लिहिलेलं नाही. पाट मांडला, ओवाळणीचं ताट केलं आणि यांनाच ओवाळलं. हे हसले.

तुमची,
तुंगा


सरस्वतीपुरम, म्हैसूर
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तुंगा हिस अ. उ. आ.

बेट्टदपुरला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या ऑफिसातल्या तुकोजीरावांची नारळाची बाग आहे. त्यांच्याकडे याच जातीच्या सहा शेळ्या आहेत. काल काव्याबरोबर अवलक्कीला तिकडे नेलं. वाटभर माझ्या मांडीवर होता, मान माझ्या कोपरावर टाकून. एक महिना आम्ही दोघं तसेच झोपत होतो दुपारचे, मी खुर्चीत आणि तो माझ्या पायांवर. माझ्याने होईल तेवढं मी केलं, पण मी शेळी नाही.

बागेत खाली ठेवला तर थोडा वेळ माझ्या पायांत उभा राहिला. तिकडून एकीने हाक दिली. ती मलाही ऐकू आली. याने कान टवकारले आणि धावला. महिन्याभरात मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं. एकदा मागे वळून पाहिलं असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. त्याने पाहिलं नाही.

आज सकाळी सहाला उठलो. अंगणात गेलो, गवताची टोपली उलटी करून ठेवली. वर्तमानपत्र अख्खं हातात आलं, एकही कोपरा चावलेला नाही. वाचलं नाही. भागीरथी गेली तेव्हा घर असंच झालं होतं, पण तेव्हा मला वाटायचं की घर असंच असतं.

दुपारी काव्याला म्हटलं, सांगलीचं बघ. तिने लगेच फोनवर तिकीट काढलं. शुक्रवारी निघतो, शनिवारी मिरजेला उतरेन. तुमचं नवं घर मी पाहिलेलं नाही. रिक्षावाल्याला तुझ्या पाकिटावरचा पत्ता दाखवीन. चुकलो तर विचारत येईन. उत्तर ऐकू येणार नाही, पण लोक हाताने दाखवतात.

माझ्यासाठी पथ्याचं काही करायला नको. म्हैसूरपाक आणतोय, श्रीहरीरावांना चालतो का ते डॉक्टरांना विचारून ठेव. त्यांच्याजवळ मी बसेन, तू जरा झोप काढ, मरी. वर्षभरात झोपली नसशील.

पत्र माझ्याआधी पोचेल की मागून, सांगता येत नाही. आधी मीच दारात दिसलो तर घाबरू नकोस. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझा,
अण्णा