शेऱ्यापुरती जागा

पांढुर्णा
सोमवार, १९ जानेवारी २०२६

ती. वच्छलाआत्यास,
प्रणालीचा स. जयभीम. वि. वि. आधी घटना क्रमाने देते.

१. शनिवारी सकाळी आपल्या गौतमला पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. तासाभरात परत आला.
२. सौंसरची कबड्डी स्पर्धा ६ ते ८ फेब्रुवारीला आहे. शेवटच्या दिवशी नेहमीसारखा पांढुर्णा विरुद्ध सौंसर सामना.
३. गेल्या वर्षी त्या सामन्यानंतर त्रेचाळीस खुर्च्या मोडल्या. आयोजकांनी दिलेल्या व्हिडिओवरून नऊ जणांची यादी झाली आहे. गौतम चौथा. व्हिडिओत त्याच्या हातात खुर्ची आहे. ती तो दुसऱ्याच्या हातून हिसकावून घेत होता, ते त्यात दिसत नाही.
४. यंदा गडबडीची शंका जरी आली तरी आधी हे नऊ जण आत जातील, असं त्याला सांगण्यात आलं.
५. सोमवारी, ९ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता नागपूरला त्याची रेल्वेची मेडिकल तपासणी आहे. ती चुकली तर चार वर्षांच्या अभ्यासावर पाणी.
६. बाबा म्हणाले, यंदा पांढुर्ण्याच्या संघातून खेळू नको. गौतम म्हणाला, मी घरी बसलो तरी यादीतलं नाव घरी बसत नाही.

गौतमचं म्हणणं मला बरोबर वाटतं. कारखान्यात आम्ही मशीन बंद पडायची वाट पाहत नाही, सुटे भाग आधीच काढून ठेवतो. म्हणून जामिनासाठी शेताची दोन पुस्तकं, म्हणजे ऋणपुस्तिका, धरली आहेत: बाबांचं आणि शालिकरामकाकांचं. आईकडून माझ्या नावावर आलेलं सावरगावचं दीड एकराचं पुस्तक यादीत नाही. मी कुणासाठी जामिनाची सही करत नाही, हे तुला माहीत आहे.

तू सव्वीस वर्षं तहसीलमध्ये नायब तहसीलदारांपुढे फाइली मांडणारी रीडर होतीस. आणखी काय लागेल ते लिही. फोनवर बोललेलं फाइलला लागत नाही, हे तुझंच वाक्य. म्हणून हे पत्र बस कंडक्टर भगवंतरावांकडे देते आहे.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी,
प्रणाली

---

सौंसर
२२ जानेवारी

चि. प्रणालीस,
वच्छलाआत्याचे अनेक आ. व जयभीम.

बाप्पा, तू पत्र लिहून राहिली का पंचनामा? ख्यालीखुशाली एका ओळीची तरी विचारायची होती. माझे गुडघे ठीक आहेत. यादीत सातवा क्रमांक देऊन टाक त्यांना.

आता कामाचं. कायद्यात कलमाचे आकडे बदलले, पण इकडे अजून सगळे एकशे एक्कावन्नच म्हणतात. गुन्हा नसतो, नुसती खबरदारी असते. पोराला नायब तहसीलदारापुढे उभं करतात, सहा महिने शांत राहीन म्हणून लिहून घेतात आणि जामीन मागतात. जामीन मान्य झाला की बाबू शेताच्या पुस्तकात शेरा लिहितो, की हे शेत अमक्यासाठी अडकलं. तो शेरा कापला जाईपर्यंत ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या कामाचं नाही. एक पोरगं, एक पुस्तक, एवढं ध्यानात ठेव. फोटो चार काढ. कोर्ट फीची तिकिटं आणि स्टॅम्प पेपर गुरुवारीच घे, कारण शनिवार-रविवार दुकानं बंद. नायब तहसीलदार मात्र सामन्याच्या ड्यूटीवर असतील, त्याची चिंता नको.

माझं पुस्तक धरू नको. ते मी योगेशसाठी राखलं आहे. आमच्या सौंसरच्या संघातला पोरगा, यादीत आठवा. बाप नाही, आई लीलाबाई संत्र्याच्या तोडणीला जाते, जमीन पायाखाली असते तेवढीच. दरवर्षी असं एक पोरगं निघतंच, ज्याचं कोणी नाही. म्हणून मी माझं पुस्तक अकरा वर्षांपासून नात्यातल्या कोणालाच देत नाही. भाऊबंद मले कंजूस म्हणून राहिले, म्हणू दे.

आणि तुझं दीड एकर काय लोणच्यासारखं मुरायला ठेवलं का? असो. गौतमला म्हणा, खेळ, पण खुर्चीपासून चार हात लांब राहा.

तुम्हा पोरांना पाहिल्यावर बरं वाटतं, तेव्हा येत जा.
तुझी,
वच्छलाआत्या

---

पांढुर्णा
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
स. जयभीम. वि. वि. तयारी पूर्ण झाली. फोटो चार, आधारच्या प्रती तीन, तिकिटं, स्टॅम्प, सगळं एका फाइलमध्ये.

दोन्ही पुस्तकं जुनी होती, कोपरे फाटलेले. कारखान्यात आम्ही प्रत्येक कागद तेलापाण्यापासून वाचवतो. म्हणून पुस्तकांचं एकेक पान सुटं करून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलं आणि नीट बांधून आणलं. आता पाण्यात पडली तरी काही होणार नाही.

उद्या सकाळी बाबांबरोबर येते. गुडघ्यांना तेल लाव.
तुझी,
प्रणाली

---

सौंसर
सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. प्रणालीस,
अनेक आ. व जयभीम.

तुझं सहा तारखेचं पत्र भगवंतरावांनी मला आज दिलं. तीन दिवस त्यांच्या पिशवीत सौंसर-पांढुर्णा करून राहिलं होतं. शुक्रवारी मिळालं असतं तर धावत आले असते, गुडघ्यांसकट.

शनिवारी तहसीलमध्ये तू होतीस, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभी होतीस. म्हणून जे तुला दिसलं नाही ते सांगते. पंचाच्या एका निर्णयावरून मैदानात आरडाओरडा झाला, खुर्ची एकही हलली नाही, तरी नऊच्या नऊ पोरांना आणलं. सात जण आपापल्या पुस्तकांवर सुटले. मग बाबूने गौतमसाठी तुझ्या बाबांचं पुस्तक उघडलं, पेन टेकवला आणि शाई थेंब थेंब होऊन पळाली. त्याने रुमालाने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पळाली. शालिकरामचं पुस्तक पाहिलं, तेही तसंच चकचकीत. बाबूने विचारलं, ताई, हे पुस्तक आहे का जेवायचं ताट? मार्करने लिहू का, असं त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, पुसता येतो तो शेरा नाही.

तेव्हा बाकावरून योगेश उठला. मला म्हणाला, काकू, गौतमभाऊचं सोमवारी नागपूर आहे. माझं सोमवारी काहीच नाही. तुमचं पुस्तक त्याले लावा. समोरच्या संघाचा पोरगा, प्रणाली! दुसऱ्या दिवशी ज्याची पकड करायची, त्याच्यासाठी आत राहतो म्हणाला. सव्वीस वर्षांत असा अर्ज माझ्यापुढे आला नव्हता. मी पुस्तक गौतमला लावलं आणि घरी जाऊन लीलाबाईसमोर मान खाली घालून बसले.

रविवारी दुसरं पुस्तक शोधत पाच घरं फिरले, मिळालं नाही. साहेबांचे पाय धरावे म्हणून लीलाबाईला घेऊन तहसीलला पोचले, तर योगेश पायरीवर बसून शेंगदाणे खात होता. बाबू म्हणाला, कालची ताटवाली ताई आली, तिचं पुस्तक ठेवलं आणि याच्यासाठी सही करून गेली.

तू काही सांगणार आहेस, की मी बाबूच्याच तोंडून ऐकू?

गौतमचं नागपूरचं कळव. जीव लागून आहे.
तुझी,
वच्छलाआत्या

---

पांढुर्णा
गुरुवार, १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
प्रणालीचा स. जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत?

गौतम सोमवारी आठ पस्तीसला नागपूरच्या रेल्वे दवाखान्यात हजर होता. तपासणीत पास झाला.

चूक माझी होती. शेऱ्याबद्दल तू स्पष्ट लिहिलं होतंस. शेरा आता संगणकात होत असेल, असं मी गृहीत धरलं आणि विचारलं नाही. कागद इतका जपला की त्यावर लिहायला जागाच उरली नाही.

शनिवारी मी कॅलेंडरकडे पाहत होते, पण मला सगळं दिसत होतं. तुझ्या पिशवीत शाईचं पॅड होतं, गोंद, दोरा, दोन पेनं आणि नऊ पोरांसाठी शेंगदाणे. साहेबांनी तुला खुर्ची दिली. पोरं उभी होती म्हणून तू बसली नाहीस. प्लास्टिक पाहिल्यावर तू मला रागावत बसली नाहीस. अकरा वर्षं नातलगांची बोलणी खाऊन मोकळं ठेवलेलं पुस्तक तू काढलंस, उलटं करून बाबूच्या बाजूला सरकवलंस आणि शेरा लिहायची जागा बोटाने दाखवलीस. एवढं नेमकं काम करणारं माणूस मी कारखान्यातही पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर कपाट उघडलं. माझं पुस्तक यादीत नव्हतं, म्हणून लॅमिनेटही झालं नव्हतं. रविवारी पहिल्या बसने आले. तुला सांगितलं असतं तर तू माझं कौतुक केलं असतंस आणि तेवढ्यात माझा धीर गेला असता. बाबूने मला ओळखलं आणि आधी पान बोटाने घासून पाहिलं. अर्जात जामीनदाराचं नातं, असा रकाना होता. मी "परिचित" लिहिलं. तोवर मी योगेशला एकदाच पाहिलं होतं, तेही भिंतीकडे तोंड करून. समजून उमजून केलेली ही माझी पहिली चुकीची नोंद.

संध्याकाळचा सामना तू पाहिलासच. आम्ही पांढुर्णेवाले दोन गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईत योगेशने तीन गुण घेतले, त्यातला एक गौतमला शिवून. त्याला कुणी सोडवलं हे आता पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत आहे. शालिकरामकाका रोज फाटकातून विचारतात, पोरी, आमचं पुस्तक बुडवलं ते बुडवलं, सामनाही कायले बुडवला? गौतम मात्र हसतो. सामना संपल्यावर दोघांनी मिळून खुर्च्या रचल्या. त्याने मोजल्या, सगळ्या धड होत्या.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाबांच्या आणि काकांच्या पुस्तकांच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज कुणाकडे करायचा? आणि दुसरी. तुझं पुस्तक आणि माझं पुस्तक, दोन्ही ऑगस्टपर्यंत अडकली आहेत. शेरे कापून घ्यायला आपण एकदमच जाऊ. त्यानंतर ज्या पोराचं कोणी नाही, त्याच्यासाठीच्या तुझ्या यादीत माझं पुस्तक दुसरं धरशील का? सावरगाव शिवार, दीड एकर, प्लास्टिक नाही.

शुक्रवारी, २० फेब्रुवारीपर्यंत उत्तर पाठव. भगवंतरावांकडे देऊ नकोस, पोस्टाने पाठव.

तुझी,
प्रणाली