मी काढलेला बुडबुडा

प्रिय सूनबाई,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. महिनाअखेर गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव, आता कायमचं आमच्याकडेच राहायचं. मी 'बरं' म्हणाले, कारण त्याच्यापुढे 'पण' म्हणायची सोयच नसते, हे तुला मी काय सांगायचं? म्हणून हे पत्र तुझ्या नावाने. आधी तू निवांत वाच.

मागे तू थट्टेत म्हणाली होतीस की आई, आता तुम्ही कॉलेजात जा. मी खरंच गेले. आपल्या कोपऱ्यावरच्या कॉलेजात पहिल्या सत्रात सगळ्या शाखांची तोंडओळख करून देतात, वयाची अट नाही. चित्रकला, बँकिंग, जीवशास्त्र, तिन्ही वर्गांत बसायचं आणि सत्र संपलं की एक शाखा धरायची. तुझ्या नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, असंच म्हणाला असता.

बँकिंगच्या सरांनी सुरुवातीलाच नमुना सह्या करायला लावल्या, एकीखाली एक. माझ्या सह्या वेगवेगळ्या बायकांनी केल्यासारख्या दिसत होत्या. सर हसून म्हणाले, यावर तुमचं खातं कोणी उघडणार नाही. तुझे सासरे होते तोवर ते बोट ठेवायचे तिथे मी नाव लिहायची, झालं. सही अशी कधी बसलीच नाही हाताला. आता बसली आहे. शेवटच्या अक्षराला ऐटदार शेपूट काढते.

जीवशास्त्राची तर आणखीच मजा. मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा होता, दिसेल ती पेशी काढा म्हणाल्या बाई. मला छान ठसठशीत काळ्या कडेचा गोल दिसला. तासभर मन लावून काढला. बाईंनी कपाळाला हात लावला. तो काचेखाली अडकलेला हवेचा बुडबुडा होता. खऱ्या पेशी शेजारी विटांसारख्या रचून बसल्या होत्या आणि मला त्या नुसत्या रेघा वाटल्या. आता माझं चित्र प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे, खाली लिहिलंय, 'ही पेशी नव्हे'. वर्गातली पोरं मला बुडबुडाआजी म्हणतात. चित्रकलेच्या सरांनी मात्र शाबासकी दिली. त्यांचं म्हणणं, नाव चुकलं, नजर नाही. खुर्ची काढायला लावतात तेव्हाही ते हेच सांगतात, की माहीत आहे तशी काढू नका, दिसते तशी काढा.

परवा तुझ्या नवऱ्याने माझ्यासाठी सजवलेल्या खोलीचा फोटो पाठवला. नवा पलंग, नवे पडदे. पोटच्या पोराने एवढं केलेलं पाहून डोळे भरून आले. मग डोळे पुसले आणि फोटो दिसतो तसा बघायला लागले. खिडकीखाली फरशीवर टेबलाच्या पायांच्या काळपट खुणा होत्या. वर भिंतीत पुस्तकांच्या फळ्या काढल्याची भोकं. ती तुझी खोली ना गं? दार लावून तू भाषांतरं करतेस ती? हल्ली स्वयंपाकघरात बसते, तिथे उजेड चांगला असतो, असं तू म्हणाली होतीस आणि मी मान डोलावली होती. तू एका शब्दाने बोलली नाहीस. तुझं कौतुक वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला.

तर मी येत नाहीये. सुट्टीत येईन, पाहुणी म्हणून, आणि बाहेरच्या खोलीत मजेत झोपेन. तुझ्यासाठी त्याग वगैरे करते आहे असं मनात आणू नकोस, मी एवढी थोर नाही. मला इथेच राहायचं आहे. काल शाखेच्या अर्जावर जीवशास्त्र निवडलं आणि खाली ऐटीत सही ठोकली. तुझ्या नवऱ्याला लागेल, हे मला कळतं. त्याचीच मला भीती वाटते. आई परकी झाली म्हणेल. त्याला तोंडाने काही समजावत बसू नकोस. टेबलाचं एक टोक त्याच्या हातात दे, दुसरं तू धर. चारही पाय आपापल्या खुणांवर बसले, की मग त्याला हे पत्र दे.

तुझीच,
पहिल्या बाकावरची सासू