लाटांची फ्लॉपी

ता. ४ मार्च

चि. खटपटीस अ. आ.

पेटी पोचली का? आत माझा जुना कॉम्प्युटर आणि ‘लाटा’ लिहिलेली फ्लॉपी आहे. कापड गिरणीत असताना केलेलं माझं सगळ्यात लाडकं, चारशे ओळींचं डिझाइन. विणकाम शाळेचे मास्तर ते मागावर चढवायला तयार आहेत, पण त्यांचा माग चालतो दुसऱ्याच कंपनीच्या तसल्याच जुनाट कॉम्प्युटरवर. त्यात माझी फ्लॉपी घातली, तर तो म्हणे ही कोरी आहे, पुसून नव्याने तयार करू का? मास्तरांचं बोट ‘हो’कडे निघालं, तेवढ्यात मी त्यांचा हातच धरला!

वीस तारखेनंतर तो माग भंगारात जाणार. म्हणून मास्तरांचा कॉम्प्युटरही मागून घेऊन पाठवला आहे. लहानपणी माझं घड्याळ उघडून ठेवलंस, त्याची भरपाई समज.

आहे तेवढी माया राहू दे,
तुझी मावशी

ता. ११ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मावशी, जमलं! दोन्ही फ्लॉप्या एकाच मापाच्या, पण याचं अक्षर त्याला लागत नाही. शेवटी फ्लॉपीचा नाद सोडला आणि दोन्ही कॉम्प्युटर पाठीमागून तारेनं जोडले. तुझ्या कॉम्प्युटरनं वाचून सांगायचं, मास्तरांच्यानं ऐकून आपल्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. आधी काहीच होईना. दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं, अगदी आपल्या घरच्यासारखं! तारा उलटसुलट केल्या, तर नुसता कचरा आला. एक भरभर बोलतोय, दुसरा सावकाश ऐकतोय. दोघांचा वेग सारखा केला आणि ओळीमागून ओळ येऊ लागली! मी ओरडले तशी आई ओल्या हातांनी धावत आली. अकरा मिनिटं आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

पण दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीला सगळं थांबलं. तू तर चारशे म्हणाली होतीस. तीनदा करून पाहिलं, तिथंच थांबतं. माझ्या हातून काही हरवलं का? जिवाला घोर लागलाय.

रागावलीस तरी लोभ ठेव,
खटपटी

ता. १३ मार्च

चि. खटपटीस अ. आ.

वेडे, तू काही हरवलं नाहीस. मीच थाप मारली होती. दोनशे अठ्ठ्याऐंशी ओळी झाल्या आणि गिरणी बंद झाली. फ्लॉपी पिशवीत टाकून बाहेर पडले, ती पुन्हा उघडायचा धीर झाला नाही. तुझं पत्र वाचलं आणि उरलेल्या ओळी भराभर डोळ्यांपुढे आल्या! शुक्रवारी सकाळच्या बसनं येते. मी सांगेन, तू टाइप कर. मग मास्तरांचा कॉम्प्युटर मीच परत घेऊन जाईन. मास्तरांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, मग आता बसता कशाला?

भेटीची घाई झालेली,
मावशी

ता. २१ मार्च

चि. खटपटीस अ. आ.

काल दुपारी कापड मागावरून उतरलं. मास्तरांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. म्हणाले, जुनं कुठं संपतं ते कळतच नाही. मला मात्र कळतं. नव्या लाटा जरा जास्त उंच उसळल्या आहेत.

आईलाही हे सांग. माया अशीच वाढती ठेव.

तुझी,
मावशी