आंबोलीला जाऊन आले, वयनी

प्रिय वयनी,

काल संध्याकाळी आंबोलीहून परत आले. ओल्या चपला अजून मागच्या पडवीत उलट्या करून ठेवल्या आहेत. आज सकाळी चहा घेताना भावजींनी विचारलं, "मजा केलंस मां?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नसावं. मलाही कळलं नाही. तुझा नवरा मुळात भोळा माणूस. कप खाली ठेवून ते निघून गेले. पण या प्रश्नाचं उत्तर मला खरं तर तुला द्यायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी आणि पत्र! हसशील तू. शाळा सुटल्यापासून वाणसामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तुझी धाकटी जाऊ म्हणून या घरात आले आणि जे काही बोलायचं ते चुलीपाशी तुझ्याशी बोलून झालं. आता चुलीपाशी मी एकटीच असते.

तुझ्या दहाव्याला काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. कोण सांगणार? किनाऱ्यावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या माडावर चांगला बसला होता, पण खाली यायचं नाव नाही. मग सुरू झाले शब्द द्यायला. भावजी पुढं गेले, हात जोडून म्हणाले की आजपासून दारू सोडली. कावळा जागचा हललासुद्धा नाही. त्याला बहुतेक भावजी माहीत असावेत. मग तुझ्या दीपाने बाबांना सांभाळीन म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांनी घर एकत्र ठेवीन म्हणून सांगितलं. ऊन चढत होतं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तुझ्यासारख्या बाईला गवताचा कावळा? उभ्या जन्मात तू कुणाला शिळं वाढलं नाहीस!

मी बायकांतून पुढं गेले आणि जे तोंडात आलं ते बोलले. "वयनी, मी आंबोलीक जातंय. दोन दिस ऱ्हवान येतंय."

आणि कावळा आला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. हे घरी आल्यावर म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काही नाही. असेलही. पण शब्द मी दिला होता, त्यांनी नाही.

खरंच, किती वर्षं तू आंबोली आंबोली करत होतीस गं? आपल्याकडे शनिवार-रविवार म्हणजे उसंत नाही. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन खोल्या भरलेल्या, ओसरीवर जेवायला पंगत, तू मासे तळणार, मी भाकऱ्या थापणार. सगळी दुनिया मजा करायला आपल्या दारात, आणि आपण धुरात. रविवारी दुपारी शेवटची गाडी गेली की तू पदराने तोंड पुसत म्हणायचीस, "ह्या पावसात आपण दोघी आंबोलीक जावया गो. कोणतरी आपल्याक वाढूंदे." मी हो म्हणायचे. मग पावसात खोल्यांना रंग काढायचा असे, नाहीतर गणपतीची चवथ तोंडावर आलेली असे. दर वर्षी काहीतरी निघायचंच, आणि ते काढणारी बहुतेक मीच असायचे.

आणि मग मे महिन्यातला तो रविवार. घर भरलेलं. "तू वाढ, मी जरा पडतंय," म्हणालीस आणि आतल्या खोलीत गेलीस. मी वाढलं. कुणाला सोलकढी हवी होती, कुणाला आणखी एक भाकरी. सगळ्यांची जेवणं आटोपून तुला उठवायला आले तेव्हा तू गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तुला झाला नसेल.

तेव्हापासून मला काही होत नाही, वयनी. रडायला येत नाही. शेजारणी माझ्याकडे बघत राहतात, बघतात तर बघू देत. आता त्याच तुझे गोडवे गातात, ज्या तुझ्या तोंडाला भिऊन दारावरून जात नव्हत्या. मेल्या म्हशीला मणभर दूध! मी ऐकून घेते. भूक लागत नाही म्हणून घड्याळ बघून जेवते. जेवते ते काय जेवले, ते भांडी घासताना आठवावं लागतं.

श्रावण संपायच्या आत जाऊन ये, असं भावजींनीच सांगितलं. पुढं चवथीची गडबड. दीपा कोल्हापुराहून रजा काढून आली. आम्ही दोघी मालवणहून एसटीने सावंतवाडी आणि तिथून दुसरी गाडी धरून वर. घाट सुरू झाला तसा दीपाने पर्समधून लिंबू काढलं आणि स्वतःशीच हसून परत ठेवलं. मी विचारलं नाही. मी खिडकीतून धुकं बघत होते. धुक्यात बघायला काय असतं? पण तेच बघत होते.

तिथं काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुला हिशोब लागेल. आधी मोठा धबधबा बघितला. रस्त्यालाच आहे. पाणी वरून खाली येत होतं. खाली पोरं उघडी होऊन नाचत होती, कुणी मोठ्याने गाणी लावली होती. दीपा म्हणाली पाय तरी भिजव, मी भिजवले. गार होतं. मग हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी बाहेर येते तिथं देऊळ आहे. तुझ्या नावाने फूल वाहिलं, हात जोडले. देवासमोर काय मागायचं ते सुचेना, म्हणून तीर्थ घेऊन बाहेर आले.

महादेवगडाच्या टोकावर गेलो तर समोर नुसतं पांढरं. एक बाप आपल्या मुलाला सांगत होता की इथून खालचं सगळं कोकण दिसतं, आकाश मोकळं असलं तर समुद्रसुद्धा. दीपाने फोटो काढला. फोटोत मी आहे, छत्री आहे आणि मागे काही नाही.

हॉटेलातली गंमत ऐक. गंमत म्हणजे दीपा हसली म्हणून गंमत. सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठले आणि दोन्ही पलंगांवरच्या चादरी काढून घड्या घालून ठेवल्या. रात्रीचे चहाचे कप बाथरूममध्ये विसळून पालथे घातले. केरसुणी कुठं दिसेना म्हणून खाली शोधायला गेले, तर स्वयंपाकघरात बाई एकटीच पुऱ्या लाटत होती आणि बाहेर टेबलं भरायला लागली होती. मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी लाटायला बसले. ती घाबरली. मला वाटतं तिला वाटलं, मालकाने तिच्या जागी दुसरी आणली. दीपा मला शोधत आली आणि हाताला धरून टेबलाशी नेऊन बसवलं. "काकी, तू गिऱ्हाईक आसस," म्हणाली. बसले. वाढणाऱ्याने पुरी-भाजी आणली, तर माझे डोळे दुसऱ्या टेबलांवर, कुणाच्या पानात काय संपलं ते बघत. असल्या बाईला कोणी वाढून काय उपयोग, सांग?

कावळेसादलाही गेलो. तिथं दरीत पडणारं पाणी वाऱ्याने उलटं फिरून वर अंगावर येतं. माणसं लांबून ते बघायला येतात. सगळे ओरडत होते, भिजत होते, एकमेकांना धरत होते. मी म्हटलं, हे बघितल्यावर तरी काहीतरी होईल. तोंडावर पाणी आलं, ते पुसलं. एवढंच.

मग मात्र मला भीती वाटायला लागली. मी शब्द दिला होता. आले तर होते, पण ही कसली यायची रीत? दगड उचलून डोंगरावर ठेवला आणि परत आणला, तर दगड फिरून आला असं म्हणतात का? तू तिकडं अडकून राहिलीस तर? कावळ्याने माझ्या भरवशावर पिंडाला चोच लावली होती.

रविवारी दुपारी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टँडजवळच्या टपरीत बसलो. कांदाभजीची बशी समोर आली. दीपाने विचारलं, "काकी, तुका बरा वाटता मां?" आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, तुझ्या आईची इच्छा पुरी करायला आले आणि मला काहीच वाटत नाही. म्हणजे ती पुरी झाली की नाही, तूच सांग. शिकलेली आहेस.

दीपाने हातातलं भजं बशीत परत ठेवलं. पोरगी तुझ्यावर गेली आहे, खाता खाता हात थांबला की समजावं, आता मोठं काहीतरी येणार.

"काकी," ती म्हणाली, "आईक घाट खंय सोसत होतो? खाली सपाटीर बांद्यापर्यंत एसटीत बसला तरी तिका ओकारी येय. तिका आंबोलीक कधीच जावचा नव्हता."

मला समजेना. मग ही इतकी वर्षं काय बडबडत होती?

दीपा खाली बघून म्हणाली, "ती माका सांगी, काकीक एकदा वर न्हे. तिका 'तू जा' म्हटलंय तर ती जावची नाय. 'माका जावचा आसा' म्हटलंय, तर माझ्यासाठी तरी येतली."

म्हणजे असं होतं तर!

माझं माहेर याच घाटाच्या पायथ्याशी. लहानपणी तिन्हीसांजेला अंगणात बसलं की वर घाटातून गाड्यांचे दिवे उतरताना दिसायचे, आणि मला वाटायचं, ही कोण माणसं असतील, वर काय बघून येत असतील. लग्न होऊन आले त्या वर्षी आडाळ्यावर नारळ खवताना तुला एकदाच हे सांगितलं होतं. तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, "खवान झाला काय? मसाल्याचा वाटप राहिला." मला वाटलं तू ऐकलंच नाहीस. मीही विसरून गेले. आणि तू ते जपून ठेवलंस, वर स्वतःचं म्हणून सांगत राहिलीस!

मला राग आला, वयनी. तुझा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तर ते हे. अगं, सरळ सांगायला काय झालं होतं? नसते गेले तर दोन शिव्या घालायच्यास, धक्के मारून एसटीत बसवायचंस. दुसऱ्या कुणाला बोलताना तुझी जीभ कधी अडली नाही. आणि समजा मी खरंच हो म्हणून निघाले असते, तर तू काय करणार होतीस? लिंबू नाकाशी धरून घाट चढणार होतीस? की ऐन वेळी पोटात दुखतं म्हणून मला एकटीला पाठवून स्वतः भाकऱ्या थापणार होतीस? हे शेवटचंच केलं असतंस. मी ओळखून आहे तुला.

राग आला की मला भूक लागते, ते तुला माहीत आहे. माझ्या पुढ्यातली भजी संपली. मी टपरीवाल्याला आणखी एक बशी आणायला सांगितली, आणि मिरच्या तळून आण म्हटलं. दीपा माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तिला जवळ घेतलं. मला नाही आलं. येईल तेव्हा तुला कळवीन.

गाडी घाट उतरताना माझ्या माहेरच्या गावाजवळून गेली. तुझ्यावर एवढी चिडले होते की बाहेर बघायचं राहिलं.

आता तुझ्या इच्छेचा प्रश्न. तुझं भागलं का? रात्रभर विचार केला आणि मला वाटतं, भागलं नाही. मी स्वतःसाठी आंबोलीला जावं असं तुला हवं होतं, पण मी गेले ती तुझ्यासाठी. चादरीच्या घड्या घातल्या, पुऱ्या लाटल्या, तुझ्या नावाने फूल वाहिलं. ही वारी तुझ्याच खात्यावर गेली. तुझी लबाडी तुझ्यावरच उलटली म्हण.

तेव्हा आता नीट ऐक. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या खोल्या भरतात, फोनवर फोन येतात, त्यातला एक शनिवार मी धरणार आहे. आदल्या दिवशी चूल सारवून ठेवीन आणि दाराला कडी घालीन. भावजी आणि हे आपापली पेज करून खातील, मरत नाहीत. पाऊस नसेल, धुकं नसेल, तो बाप लेकाला सांगत होता ते सगळं मलाही दिसेल. हॉटेलात उठायला उशीर करीन. पलंग तसाच टाकून खाली जाईन आणि वाढणाऱ्याने विचारलं तर दुसऱ्यांदा घेईन. फूल वाहीन ते माझ्या नावाने. तुझं नाव मध्ये आणणार नाही.

आणि शेजारीपाजारी विचारतीलच. ऐन मोसमात घर बंद करून ही बाई कुठं चालली म्हणून. भावजी विचारतील, दारातून परत फिरणारी गिऱ्हाइकं विचारतील. सगळ्यांना एकच सांगीन, कुणाच्या आड न लपता, मोठ्याने: माका जावचा आसा.

तुझी धाकटी,
सुनंदा